बुलबुलाचं घरटं कावळ्या-मांजरांपासून कसं वाचवावं

फेब्रुवारी सरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "बाल्कनीतल्या मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलंय, कावळे घिरट्या घालतायत, काय करू?" त्यावरची उत्तरंही ठरलेली. जुन्या सीडी टांगा. प्लास्टिकचं घुबड ठेवा. डांबरगोळ्या टाका. खोडाला ग्रीस फासा. कुणी तर घरटंच उचलून "जरा आत, सावलीत" ठेवायला सांगतं.

यातलं काहीही करू नका. जागचं न हलणारं घुबड कावळा दोन-चार दिवसांत ओळखतो आणि मग त्याच्याच डोक्यावर बसून टेहळणी करतो. डांबरगोळ्या विषारी असतात, बंदिस्त बाल्कनीत त्यांची वाफ पिल्लांच्याच वाट्याला येते. ग्रीस पंखांना लागलं की पिसं चिकटतात आणि पक्षी उडण्याला मुकतो. घरटं हलवलं तर जोडी बहुतेक वेळा ते सोडून देते. शिवाय संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना-घरट्यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

बुलबुलाचा सगळा कारभार जेमतेम महिन्याभराचा असतो. दोन-तीन अंडी, साधारण दोन आठवडे उबवण, त्यानंतर बारा-तेरा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर. म्हणजे बंदोबस्त तेवढ्यापुरताच करायचा आहे.

आधी चोर कोण ते बघा

दिवसाचे चोर म्हणजे कावळा, भारद्वाज, टकाचोर आणि कधीकधी खार. भारद्वाज दिसला की शुभ म्हणून आपण हात जोडतो, पण तो झुडपात पायी चढत जाऊन अंडी आणि पिल्लं दोन्ही खातो. रात्रीचे चोर म्हणजे मांजर आणि उंदीर. टेकडीला लागून घर असेल, बावधन, पाषाण, तळजाईच्या बाजूला, तर दिवसा धामणही आली.

आधीचं एखादं घरटं उजाड झालं असेल तर त्यावरून अंदाज येतो. घरटं जागच्या जागी, अंडी मात्र साफ गायब, तर बहुधा कावळा किंवा साप. घरटं ओढून लोंबतंय, खाली पिसं पडलीत, तर मांजर. कुरतडलेली टरफलं तिथेच असतील तर उंदीर.

खरकटं, पोळीचे तुकडे, कबुतरांचे दाणे गच्चीवर टाकणं या काळात पूर्ण बंद करा, आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीला झाकण लावा. वेलीची छाटणी पावसाळा संपेपर्यंत नको. सोसायटीच्या माळीबुवांना हे आधीच सांगून ठेवा, कारण घरट्यावरची चार पानं गेली की ते वरून उघडं पडतं.

आणि घरट्याकडे सारखं जाऊ नका. कावळा माणसाच्या हालचाली बारकाईने बघतो. तुम्ही दिवसातून चारदा त्याच वेलीपाशी थांबून मोबाइल वर करताय, म्हणजे तिथे काहीतरी आहे हे त्याला कळतं. बघायचंच असेल तर खोलीतून, पडद्याआडून बघा. झाडांना पाणी घालताना न थांबता पुढे जा.

झाडावर घरटं असेल तर खोडाला पत्रा

मांजर उभ्याने पाच-सहा फूट सहज उडी मारतं. त्यामुळे गुळगुळीत पत्र्याचा पट्टा जमिनीपासून पाच फुटांवर सुरू होऊन सात फुटांवर संपायला हवा. २६ किंवा २८ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा दोन फूट रुंदीत घ्या. लांबी खोडाच्या घेरापेक्षा चार इंच जास्त. दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून स्प्रिंगने किंवा तारेने जोडा. खिळे ठोकू नका. सालीच्या खाचांमुळे पत्र्यामागे फट राहते आणि उंदीर तिथूनच वर जातो, म्हणून वरच्या-खालच्या कडेला काथ्या कोंबा.

पत्रा लावूनही मांजर वर पोचलं तर ते खोडावरून आलेलं नसतं. कंपाउंडची भिंत, पार्किंगचं शेड, शेजारची फांदी, यातलं काहीही झाडापासून आठ फुटांच्या आत असेल तर पत्र्याचा उपयोग नाही. आणि फांदी आपल्या आवारातली असली तरी मनाने तोडायची नाही, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. पारिजातक आणि डाळिंबासारख्या बुंध्यापासून फुटलेल्या झाडांना पत्रा बसतच नाही. तिथे बोगनवेलीच्या वाळक्या काटेरी फांद्या बुंध्याभोवती दाट बांधा.

पिंजरा: काम इथेच फसतं

बाल्कनीतली वेल, उघडी कुंडी, मीटरच्या पेटीवरची जागा अशा ठिकाणी पत्र्याचा प्रश्न येत नाही. तिथे घरट्याभोवती जाळीचा पिंजरा लागतो, ज्यातून बुलबुल आत-बाहेर करेल पण कावळा शिरणार नाही. लिंबाच्या किंवा करवंदाच्या काट्यांत खोल घरटं असेल तर पिंजऱ्याच्या भानगडीत पडू नका, काटेच पुरेसे आहेत.

जाळी घ्यायची ती वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी, दोन इंची चौकोनी घराची, १४ गेजची. रविवार पेठेत बोहरी आळीत तीन फूट रुंदीची मिळते. अठरा फूट घेतली की तीन बाय तीनचे सहा तुकडे होतात, लांबीतून उभं कापायला लागत नाही. कोंबडीजाळी नको: ती लवचिक असते, मांजराच्या वजनाने आत दबते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी तर मुळीच नको. तिची घरंही बहुधा बुलबुलासाठी लहान असतात, आणि सैल लोंबली की पाय-पंख अडकतात. जमिनीपर्यंत लोंबलेल्या जाळीत धामण अडकून मरते.

तीन फूट हे माप उगाच नाही. घरटं मधोमध ठेवलं तर जाळी प्रत्येक बाजूने दीड फूट लांब राहते. मांजराचा पंजा जवळपास फूटभर आत येतो. कावळा अख्खा आत येत नाही, पण मान खुपसून चोच चांगली आत घालतो. घरट्याला चिकटून जाळी गुंडाळली तर कावळ्याला बसायला तारेचा आयता मंच मिळतो. असा पिंजरा नसण्यापेक्षा वाईट. घरटं भिंतीला टेकून असेल तर मागचा तुकडा वगळा, मात्र जाळीची कड भिंतीला घट्ट टेकली पाहिजे.

तार कापताना आडव्या तारेला लागून कापा. अर्धा इंच टोक बाहेर राहिलं तर घाईने आत शिरणाऱ्या पक्ष्याला तेच लागतं. कापून झालं की सगळ्या कडांवरून तळहात फिरवा. जिथे तुम्हाला टोचेल तिथे पुन्हा पक्कड चालवा. तुकडे केबल टायने जोडा आणि टायची शेपूट कापून टाका.

आता वेळ. जोडी काड्या आणत असताना किंवा अंडी घालत असताना पिंजरा लावला तर ती सरळ निघून जाते, कारण तोवर त्या घरट्यात तिचं फारसं काही गुंतलेलं नसतं. मादी सलग तीन-चार दिवस उबवायला बसलेली दिसू दे. दुपारीही बसलेली असेल, थोड्या वेळासाठी उठून परत येत असेल, तर समजा ती आता सहजी सोडणार नाही. त्यानंतरच हात घाला.

काम सकाळी आठ-नऊच्या सुमारास करा. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असताना उघडी अंडी उन्हात ठेवणं म्हणजे ती मारणंच. संध्याकाळीही नको: बिथरलेली मादी अंधारापूर्वी परतली नाही तर अंडी रात्रभर उघडी राहतात.

आणि सगळा पिंजरा एका दिवसात उभा करायचा नाही. पहिल्या दिवशी बाजूचे दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी मागचा आणि वरचा. तिसऱ्या दिवशी खालचा, जो खोडाभोवती बसवण्यासाठी मधून दुभागावा लागतो, आणि सर्वांत शेवटी समोरचा. जोडी ज्या बाजूने येते-जाते ती समोरची बाजू, हे आधी नीट बघून ठेवा. दर वेळचं काम दहा मिनिटांत आटपलं पाहिजे, म्हणून मापं, टाय, पक्कड सगळं आधी तयार हवं. जुळणी तिथे उभं राहून करायची नाही.

प्रत्येक तुकडा लावल्यावर घरात जा, दार लावा, पडद्यामागून घड्याळ लावून बसा. बुलबुल आधी जवळच्या तारेवर बसून कलकलाट करेल, शेपटीखालचा लाल डाग दाखवत नाचेल, मग जाळीवर उतरेल, मान वाकडी करून बघेल आणि टुणकन आत जाईल. एकदा आत गेला की पुढच्या फेरीला थांबतसुद्धा नाही. अर्ध्या तासात कुणी आत गेलं नाही तर शेवटचा तुकडा काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. "सवय होईल" म्हणून वाट बघत बसू नका. पाऊण तासापलीकडे ताणणं म्हणजे जुगार.

पिंजऱ्यावर सावलीसाठी कापड टाकायचा मोह आवरा. पक्ष्याला चारी बाजूंनी बाहेरचं दिसलं पाहिजे, नाहीतर तो आत यायला कचरतो.

धामणीला दोन इंची जाळी अडवत नाही, आणि अडवायलाही जाऊ नका. साप दिसला तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. काठी घेऊन धावू नका.

बाकीचे पक्षी

शिंपी आणि सूर्यपक्ष्याला पिंजरा नको. त्यांची घरटी इतकी बेमालूम असतात की पिंजराच चोराला पत्ता सांगेल. सूर्यपक्ष्याचं घरटं बाल्कनीतल्या तारेला लोंबत असेल तर मुंग्या तारेवरून उतरतात. त्या तारेवर, घरट्यापासून दोन फूट लांब, एका लहान प्लास्टिकच्या वाटीच्या तळाला भोक पाडून ती ओवा, भोक एम-सीलने बुजवा आणि वाटीत पाणी ठेवा. हे उभ्या टांगलेल्या तारेवरच जमतं. मुंग्यांचा खडू विषारी असतो, तो घरट्याच्या आसपासही नको.

चिमण्यांच्या खोक्याला ३२ मिलिमीटरचं भोक ठेवा, साळुंकी आत शिरत नाही. भोकापासून तळ निदान पाच इंच खाली हवा. विकत मिळणाऱ्या खोक्यांना भोकाखाली एक दांडी असते. ती कापून टाका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उभं राहायला सोयीची पडते. दयाळालाही खोकं चालतं, पण त्याला मोठं भोक लागतं, म्हणून चिमणीचं खोकं त्याला पुरणार नाही.

पिल्लं उतरतात तेव्हा

पिल्लांना पिसं फुटली की पिंजऱ्याला हात लावू नका. या वयात घाबरली तर ती वेळेआधीच उड्या टाकतात. पुढे स्वतःहून उतरली तरी दोन-तीन दिवस धड उडता येत नाही. कुंड्यांच्या मागे, पायऱ्यांवर बसून राहतात, आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. मांजराच्या तोंडी सर्वाधिक पिल्लं याच दिवसांत जातात. घरचं मांजर या दिवसांत अजिबात बाहेर सोडू नका. गळ्यातली घंटा मोठ्या पक्ष्याला थोडीफार सावध करते, जमिनीवरच्या पिल्लाला ऐकू आली तरी ते काय करणार? सोसायटीतल्या मांजरांना कुणी खाऊ घालत असेल तर त्यांना ठरावीक वेळी, झाडांपासून लांब, इमारतीच्या दुसऱ्या बाजूला खाऊ घालायला सांगा.

पिल्लू उघड्यावर दिसलं तर उचलून जवळच्या झुडपात, डोक्याइतक्या उंचीवर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत खोटी आहे. पिल्लू घरात आणून दूध-भाकरी चारू नका. दूध पक्ष्याला पचत नाही.

सगळी पिल्लं गेल्यावर तीन-चार दिवस थांबा, मग पिंजरा उलट क्रमाने सोडवा. तुकडे जपून ठेवा: बुलबुलाची जोडी त्याच हंगामात दुसरं घरटं करू शकते, बऱ्याचदा त्याच आवारात. खोडाचा पत्राही हंगाम संपला की उतरवा, नाहीतर पावसाळ्यात त्यामागे ओल साचून साल कुजते.