‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’च्या सात भागांची तुलना कशी करावी

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ ही संगणकावर पाळीपाळीने खेळायच्या रणनीतीच्या खेळांची मालिका आहे. तिच्यातील सर्वांत चांगला भाग कोणता, या प्रश्नाला बहुतेक जण आपण सर्वांत आधी खेळलेल्या भागाचे नाव घेऊन उत्तर देतात. १९९५ ते २०१५ या काळात मुख्य मालिकेचे सात भाग आले. पहिले चार न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने केले. प्रकाशक थ्रीडीओ २००३ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर हक्क युबिसॉफ्टकडे आले आणि पुढचे तीन भाग नायव्हल, ब्लॅक होल व लिंबिक अशा तीन वेगवेगळ्या संघांनी घडवले. इतके हात लागलेल्या मालिकेत चित्रे आणि संगीत यांवरून निवाडा केला, तर तो आवडीनिवडीच्या पलीकडे जात नाही. खेळाडूला प्रत्येक पाळीत नेमका कोणता निर्णय घ्यावा लागतो, हे पाहिले तर मात्र भाग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसू लागतात.

तुलनेपूर्वी कोणती आवृत्ती हाती घ्यायची हे ठरवावे, कारण बरेचसे वाद येथेच निर्माण होतात. तिसऱ्या भागाची २०१५ ची एचडी आवृत्ती दिसायला नीटनेटकी असली, तरी तिच्यात ‘आर्मागेडन्स ब्लेड’ आणि ‘शॅडो ऑफ डेथ’ ही दोन्ही विस्तारपॅक, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे संच, नाहीत. त्यामुळे जुनी संपूर्ण आवृत्तीच घ्यावी. पाचव्या भागाचा न्याय २००७ च्या ‘ट्राइब्ज ऑफ द ईस्ट’वरून करावा, कारण सैन्यातील प्रत्येक प्राण्याला बढतीचे दोन पर्याय त्यातच मिळाले आणि तो मूळ खेळाशिवायही चालतो. ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’सारखे चाहत्यांनी केलेले विस्तार उत्तम आहेत, पण त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी; त्यांचे गुण मूळ तिसऱ्या भागाच्या पदरात टाकू नयेत.

यानंतर प्रत्येक भागात लहान आकाराचा नकाशा, संगणकाचा एकच प्रतिस्पर्धी आणि मध्यम काठिण्य निवडून पहिला महिना, म्हणजे चार आठवडे, पूर्ण खेळावा. बहुतेक भागांत नवे सैन्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी उपलब्ध होते, त्यामुळे एवढ्या अवधीत खेळाची लय कळते. मोहिमांपासून सुरुवात करू नये. त्यांत कथेच्या सोयीसाठी नियम वाकवलेले असतात.

सर्वांत जास्त लक्ष हीरोकडे, म्हणजे सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या पात्राकडे, द्यावे, कारण मालिकेतील मोठे बदल त्याच्याच भोवती झाले आहेत. पहिल्या भागात हीरोचा ‘ज्ञान’ हा गुण जितका, तितक्याच वेळा एखादा मंत्र वापरता येतो आणि मग तो पुन्हा शिकावा लागतो. १९९६ च्या दुसऱ्या भागात मंत्र वापरताना खर्च होणारे मंत्रशक्तीचे गुण आणि दुय्यम कौशल्ये आली, त्यामुळे एकाच वर्गाचे दोन हीरो वेगळ्या वाटेने वाढू लागले. १९९९ च्या तिसऱ्या भागात हाच सांगाडा पक्का झाला: कौशल्यांसाठी आठ जागा आणि प्रत्येक पातळीवर बहुधा दोनच पर्याय. नको असलेले कौशल्य गळ्यात पडू नये म्हणून धडपडणे हा तेथील खेळाचाच भाग आहे. २००२ च्या चौथ्या भागाने हीरोला थेट रणांगणात उतरवले. तो लढतो, मार खातो, मरतोही. आणि त्याच्याशिवाय सैन्य नकाशावर एकटेच फिरू शकते. हा मालिकेतील सर्वांत धाडसी बदल होता, आणि माझ्या मते त्याची जितकी निंदा झाली तितक्या निंदेला तो मुळीच पात्र नव्हता. पाचव्या भागात हीरो पुन्हा रणांगणाच्या कडेला गेला, पण लढाईच्या क्रमात त्याला स्वतःची जागा मिळाली. २०११ च्या सहाव्या भागात कौशल्ये खेळाडूने स्वतः निवडायची असतात. नशिबाचा जाच त्यामुळे संपतो, पण हाती आलेल्या पर्यायांतून वाट काढण्याची मजाही संपते. आपल्याला यांपैकी काय हवे, हे ठरले की निम्मी तुलना झालीच म्हणावे.

दुसरी नोंद सैन्याच्या वाढीची आणि वाहतुकीची ठेवावी. तिसऱ्या भागात दूरच्या नगरातील सैन्य आघाडीवर आणण्यासाठी अनेक हीरोंची साखळी लावून, एकाच दिवसात सैन्य एका हातातून दुसऱ्या हातात देत पुढे सरकवता येते. ही युक्ती जमली की खेळाचा वेग पालटतो, पण प्रत्येक पाळीला लागणारा वेळही वाढतो. चौथ्या भागात सैन्य आठवड्याऐवजी रोज थोडे थोडे वाढते आणि तांड्यांमार्फत पाठवता येते. शिवाय वरच्या पातळ्यांवर दोन प्राण्यांपैकी एकाचेच निवासस्थान बांधता येते, त्यामुळे नगरातली ती निवड डावभर निभवावी लागते. सहाव्या भागात आपल्या सगळ्या नगरांतील सैन्य एकाच ठिकाणी भरती करता येते, म्हणजे वाहतुकीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. एका पाळीला किती मिनिटे लागतात हे पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात मोजून पाहावे. या फरकाचा परिणाम आकड्यांतच दिसतो.

लढाईत क्रम कसा ठरतो ते पाहावे. तिसऱ्या भागात प्रत्येक फेरीत प्रत्येक तुकडीला साधारणपणे एकदाच संधी मिळते आणि वेग फक्त आधी कोण हे ठरवतो. २००६ च्या पाचव्या भागात फेऱ्याच नाहीत: ‘इनिशिएटिव्ह’ १० असलेल्या तुकडीच्या दोन पाळ्या होतात तेवढ्या काळात १५ असलेल्या तुकडीच्या तीन होतात. त्यामुळे चपळपणा हेच मोठे शस्त्र ठरते आणि तिसऱ्या भागातील सवयी तेथे उपयोगी पडत नाहीत. सातव्या भागात शत्रूच्या बाजूने किंवा पाठीमागून हल्ला केल्यास जास्त नुकसान होते, म्हणून तुकडी कोठे उभी करायची याला अधिक महत्त्व येते.

समतोलाबाबत एक सावधगिरी बाळगावी. दुसऱ्या भागात विझार्ड गटाचे टायटन आणि वॉरलॉक गटाचे काळे ड्रॅगन यांच्यापुढे नाइट गटाचे सैन्य उघडच फिके पडते, पण त्या भागाची चव बरीचशी या विषमतेतच आहे. नगरांच्या प्रकारांची संख्याही एकटी फारसे सांगत नाही. तिसऱ्या भागात सुरुवातीलाच आठ प्रकारची नगरे होती, सहाव्यात पाच. साधनसंपत्तीबद्दल एवढेच पुरे की सहाव्याने सात प्रकारांवरून चारवर आणलेली यादी सातव्याने पुन्हा सातवर नेली.

या नोंदींवरून खेळण्याचा क्रम ठरवता येतो. अगदी नव्या खेळाडूने तिसऱ्यापासून सुरुवात करावी, आणि ज्याला लढाईतील बारकावे अधिक आवडतात त्याने पाचव्यापासून. तिसऱ्यानंतर लगेच चौथा घेऊ नये. मध्ये दुसरा खेळून घ्यावा, म्हणजे मालिका कोणत्या दिशेने वाढत होती आणि चौथ्याने ती दिशा कोठे सोडली, हे नीट लक्षात येते. सहावा आणि सातवा मागाहून, शक्यतो एकामागून एक खेळावेत, कारण सहाव्याने सोपेपणासाठी काढलेले काय सातव्याने पुन्हा आणले हे त्या दोघांना शेजारी ठेवल्यावरच दिसते.