खिडकीच्या चौकटीखाली भुसा पडतोय? तेल भोकात सोडा

गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींतली मूळ सागवानी चौकट सहसा टिकते. किडा लागतो तो नंतर दुरुस्तीत बसवलेल्या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांना. खाली पिठासारखा भुसा दिसला की कडुनिंबाचं किंवा करंजाचं शुद्ध तेल आणा.

१. काम एप्रिल-मेमध्येच करा. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात तेल मुरत नाही.
२. रंग, पॉलिश घासून काढा, नाहीतर तेल वरच राहतं.
३. तेलाची बाटली थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा, तेल पातळ होईल. थेट गॅसवर तापवू नका.
४. इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात तेल सोडा. खरं काम हेच आहे, घाई करू नका. मग ब्रशने दोन हात द्या. सांधे आणि पट्टीची कापलेली टोकं तर भिजवूनच काढा.
५. तेल मुरलं की भोकं मेणाने बुजवा. पुढे नवं भोक पडलं तर लगेच कळेल.

तेलाने किडे लगेच मरत नाहीत. त्यांचं खाणं आणि वाढ थांबते. उन्हात त्याचा असरही उतरतो, म्हणून दरवर्षी एकदा हात फिरवाच. वास काही दिवस राहतो, खिडक्या उघड्या ठेवा. भिंतीवर मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. तिथे जाणकारालाच बोलवा.

कोकणातून कुणी काजूच्या टरफलाचं तेल आणून दिलं, तर ते उघड्या हाताने लावू नका. कातडी भाजते.