तुंबलेली मोरी मोकळी करताना या चुका टाळा

सिंकमध्ये पाणी साचलं की लोकांचा हात आधी कुठल्यातरी बाटलीकडे जातो. काहीतरी ओतायचं आणि पाणी जाण्याची वाट बघायची. घरातल्या, शेजारच्या, नातेवाइकांच्या कितीतरी तुंबलेल्या मोऱ्या मी आजवर मोकळ्या केल्या आहेत. बहुतेक वेळा अडकलेला बोळा हाताच्या अंतरावर होता. तो बाहेर ओढायचा सोडून माणसं त्याच्यावर दिवसभर काहीबाही ओतत बसलेली असायची.

पहिली चूक हीच, काय अडकलंय ते न बघणं. न्हाणीत आणि बेसिनमध्ये केस आणि साबणाचा थर असतो, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये तेलाचा थर आणि त्याला धरून बसलेलं खरकटं. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. जाळी काढा, टॉर्च मारून आत बघा. एकाच ठिकाणी तुंबलंय की सगळीकडेच पाणी हळू जातंय, हेही तपासा. बेसिन सोडल्यावर न्हाणीतून गुडगुड आवाज येऊन पाणी वर येत असेल तर अडथळा पुढच्या मोठ्या पाइपमध्ये आहे. तिथे घरातल्या वस्तू पोचत नाहीत, उगाच दिवस घालवू नका.

सोडा आणि व्हिनेगरवरची श्रद्धा

हा उपाय मला इतक्यांनी सांगितलाय की त्यावर जरा सविस्तर लिहिते. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि मागे उरतं पाणी आणि त्यात विरघळलेलं सोडियम ॲसिटेट. म्हणजे दोघांनी एकमेकांची ताकद संपवलेली असते. फेस दिसतो म्हणून काम चाललंय असं वाटतं, पण वायू मोकळ्या तोंडाने वर निघून जातो, खालच्या बोळ्यावर दाब पडतच नाही. केस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचे असतात. ते सोड्याने विरघळत नाहीत आणि व्हिनेगरनेही नाही. वास थोडा कमी होतो, एवढं मी मान्य करते. पाणी आधीच साचलेलं असेल तर दोन्ही त्यात पातळ होऊन जातात आणि तेवढाही उपयोग होत नाही.

केसांसाठी माझ्याकडे एकच उपाय आहे. जुन्या हँगरची तार सरळ करायची, टोकाला छोटा आकडा वळवायचा आणि हळूहळू फिरवत बाहेर ओढायचं. तार नसेल तर लांब केबल टायच्या दोन्ही कडांना कात्रीने तिरके काप द्या, केस त्यात बरोबर अडकतात. किळस येते, हातमोजे घाला, पण काढा. तार आत ढोसू नका. घाईत लोक तेच करतात आणि वीतभर आत असलेला बोळा चार हात पुढे जाऊन बसतो.

तेलकट सिंकसाठी साचलेलं पाणी मगाने काढून टाका. भांडी घासायचा द्रव साबण तीन-चार चमचे ओता, पंधरा मिनिटं थांबा, मग गरम पाणी सोडा. गरम म्हणजे उकळतं नव्हे. प्लास्टिकचे पीव्हीसी पाइप साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात आणि सांधे त्याआधीच त्रास देतात. मी ६० अंशांच्या वर जात नाही. कमोडमध्ये तर उकळतं पाणी कधीच नको, चिनी मातीला तडा जाऊ शकतो.

एकावर एक रसायनं ओतणं

ही चूक जिवावर बेतते. माझ्या मावसभावाची न्हाणी तुंबली होती. त्याने आधी ब्लीच ओतलं. अर्ध्या तासात फरक पडला नाही म्हणून त्याच मोरीत संडास साफ करायचं ॲसिड ओतलं आणि उकिडवा बसून आत बघू लागला. ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटला आम्ल मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका त्याच्या तोंडाशी. मी पोचले तेव्हा तो दारात बसून खोकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ‘आता पाणी ओतून येतो’ म्हणून परत आत जायला निघाला होता. मी त्याला हाताला धरून बाहेर उघड्यावर नेलं आणि तिथून सरळ डॉक्टरांकडे. क्लोरीनचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, त्यामुळे ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी बसणं चुकीचं. दुसऱ्या दिवशी मी जाळी उचलली. खाली मूठभर केस होते. तारेने दोन मिनिटांत निघाले.

ब्लीचमध्ये व्हिनेगर घातलं तरी हेच होतं. अमोनिया असलेला क्लीनर घातला तर क्लोरामाइन तयार होतं, तेही विषारीच. एक रसायन ओतल्यावर दुसरं ओतायचं नाही, मग कितीही उशीर होवो. आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे मोरी मोकळी करायचं तीव्र अल्कधर्मी रसायन, ओतलेल्या सिंकमध्ये प्लंजर (दांड्याला लावलेली रबरी वाटी) मारू नका, थेंब डोळ्यांत उडतात. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक सोडा कालवू नका, हायड्रोजन सुटतो.

प्लंजर घरात असूनही नीट वापरणारे मला फार थोडे भेटले. रबर बुडेल इतकं पाणी हवं. बेसिनला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचं भोक असतं, ते ओल्या फडक्याने घट्ट बुजवा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. जोड-सिंक असेल तर दुसरं तोंडही बंद करा. दाबण्याइतकाच वर खेचण्यावर जोर द्या. पंधरा-वीस झटके सलग मारा. तीन झटक्यांत ‘होत नाही’ म्हणणाऱ्यांनी प्लंजर वापरलाच नाही असं मी समजते.

त्यानेही भागलं नाही तर सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे वाकडा पाइप, उघडा. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने अशा वाकड्या पाइपचं पेटंट घेतलं, त्यात साचून राहिलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. जड वस्तूही तिथेच पडून राहतात, अंगठीसुद्धा. खाली बादली ठेवा, वॉशर कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा, आणि काढलेला ट्रॅप त्याच सिंकमध्ये नळ सोडून धुऊ नका.

तेल सिंकमध्ये ओतू नका. जाळी लावा.

प्लंबरला बोलवायची वेळ आलीच तर आत काय काय ओतलंय ते दारातच सांगा. लाजून लपवलेलं कॉस्टिक किंवा ॲसिड पाइप उघडताना त्याच्या हातावर पडतं.