लोकरी गालिच्यातला लघवीचा वास: खरं काम खंगाळण्याचं

लघवीचा वास मारणारा गालिचा धुलाईच्या दुकानात येतो तेव्हा त्यावर घरचे सगळे उपाय होऊन गेलेले असतात. कुणी फिनाईल ओतलेलं असतं, त्यावर खायचा सोडा, त्यावर अत्तर नाहीतर रूम फ्रेशनर. उन्हाळाभर वास गेल्यासारखा वाटतो आणि मृगाची पहिली सर आली की घरभर पुन्हा सुटतो. खानदेशात हे हमखास घडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, हवा ठणठणीत कोरडी असते आणि लघवीतले क्षार गालिच्याच्या पोटात सुकून पडून राहतात. जूनमध्ये ते हवेतला ओलावा ओढतात, जिवाणू पुन्हा कामाला लागतात आणि ग्राहक म्हणतो, धुतलंच नव्हतं का?

ताजी लघवी किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 6. जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि पीएच 8-9 पर्यंत चढतो. लोकरीचा रंग बहुधा आम्लात पक्का बसवलेला असतो, त्यामुळे जुन्या डागाखाली तो सैल होतो. तिसरी गोष्ट यूरिक आम्लाच्या बारीक खड्यांची. 20 अंशाच्या एक लीटर पाण्यात हे आम्ल जेमतेम 60 मिलीग्रॅम विरघळतं, तेही सावकाश. बादलीभर पाणी आणि फेसाळ शाम्पू मारून वास का जात नाही, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. पाणी भरपूर हवं, त्याला वेळ हवा आणि ते गालिच्यातून आरपार बाहेर पडायला हवं. कुत्र्या-मांजराच्या लघवीत यूरिक आम्ल कमी असतं. तान्ह्या मुलांच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीतून आलेल्या गालिच्यात ते जास्त सापडतं. बोक्याच्या लघवीत गंधकयुक्त पदार्थ असतात, म्हणून तो वास अमोनियापेक्षा वेगळा आणि चिवट.

गालिचा आत घेताना

आधी तो लोकरीचाच आहे ना ते बघा. कडेचे दोन-चार धागे जाळा. केस जळाल्यासारखा वास आणि बोटांनी चुरगळणारी राख म्हणजे लोकर. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. मग मागची बाजू. गाठी उघड्या दिसल्या तर हाताने गाठलेला, पाण्यात बुडवता येतो. पाठीला कापडी अस्तर चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्याच्याबद्दल शेवटी.

अंधारात 365 नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारली की डाग फिकट पिवळसर-हिरवे दिसतात. वरून दिसतो त्यापेक्षा पाठीमागचा डाग बहुतेक वेळा मोठा असतो. खडूची खूण पाण्यात जाते, म्हणून पाठीमागून पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घालून ठेवा. टॉर्च गालिचा धुण्याआधीच वापरा. कपड्यांच्या पावडरीतली निळसर चमक आणणारी द्रव्यंही तिच्याखाली उजळतात, त्यामुळे नंतरचा निकाल फसवा असतो.

डागाच्या जागी गालिचा हलकेच दुमडून बघा. आतून करकर आवाज आला तर सुती ताणा-बाणा कुजलेला आहे. असा गालिचा झोडपायचा नाही, हायड्रोत (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात) घालायचा नाही आणि ओला असताना टांगायचाही नाही.

रंगाची परीक्षा प्रत्येक रंगावर करा, लाल, गडद निळा आणि काळा यांवर तर नक्कीच. पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून त्या रंगावर ठेवा, वर वजन ठेवून पाच मिनिटं थांबा. तेच पुढे डिटर्जंटच्या पाण्याने करा. फडक्यावर रंग उतरला तर लांब भिजवण्याचा बेत रद्द. अशा गालिच्याला आधी आम्लाचं पाणी द्यायचं आणि पुढचं सगळं उरकतं घ्यायचं.

पावतीवर सुरुवातीलाच लिहा: वास काढू, डाग जाईलच असं नाही. लघवीने रंग खाल्ला असेल तर ती जागा पिवळट किंवा फिकी राहते. धुतल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

धूळ आणि पाणी

आपल्याकडची काळी माती ओली झाली की चिखल होतो आणि तो गाठींच्या बुडाशी जाऊन बसतो. म्हणून पाण्याआधी कोरडी झटकणी. गालिचा बाजेवर पालथा टाका आणि पाठीवरून पातळ छडीने झोडपा किंवा व्हॅक्यूम फिरवा. खाली पडणाऱ्या धुळीबरोबर सुकलेले क्षारही पडतात. धूळ पडायची थांबेपर्यंत हे चालू ठेवा.

सिमेंटचा हौद नसेल तर जमिनीवर विटांची चौकट करून जाड ताडपत्री पसरा. सहा बाय नऊ फुटी गालिच्याला सात बाय दहाची चौकट पुरते. अडीच इंच पाणी भरलं तर साधारण 420 लीटर होतं. पाणी 30 अंशांच्या आत हवं. मे महिन्यात गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात लोकर चोळली गेली तर ती आवळते आणि नमद्यासारखी घट्ट होते. पाणी पहाटेच भरून घ्या.

गालिचा पालथा, म्हणजे लोकर खाली आणि पाठ वर, असा ठेवा. पाठीवर पाणी सोडा आणि अनवाणी पायाने किंवा रबरी वायपरने दाबत राहा. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत पाणी पिवळं होतं आणि अमोनिया नाकाला झोंबतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. हे पाणी सोडून द्या. दुसऱ्या पाण्यात दोन ते तीन तास ठेवा, दर वीस मिनिटांनी दाबा. रात्रभर भिजवू नका. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात सुती पाया आंबतो आणि एक वास काढता काढता दुसरा लागतो.

सुरुवातीपासूनच व्हिनेगर टाकायची सवय अनेकांना आहे. आम्ल अमोनियाला मारतं आणि रंगाला धरून ठेवतं हे खरं, पण यूरिक आम्लाचे खडे आम्लात आणखीच कमी विरघळतात. रंग पक्का असेल तर आधी नुसतं पाणी, आम्ल शेवटी.

जुन्या, मुरलेल्या डागाला यानंतर एन्झाइमचं द्रावण लागतं. पाणी वायपरने ओढून काढा, द्रावण लेबलवरच्या प्रमाणात दोन्ही बाजूंनी डागावर आणि त्याच्या भोवती वीतभर ओता, वर प्लास्टिक झाका. ओलं असेपर्यंतच ते काम करतं. आपल्या हवेत उघडं ठेवलं तर तासाभरात सुकून जातं. फिनाईल किंवा जंतुनाशकाचा अंश राहिला असेल तर एन्झाइम फुकट जातं, म्हणून ते आधी धुऊन निघायला हवं. लेबलवर लोकरीसाठी चालतं असं लिहिलेलं बघा. लोकर स्वतः प्रथिन आहे आणि प्रथिनं फोडणारं एन्झाइम लोकरीलाही सोडत नाही. कपड्यांची एन्झाइमवाली पावडर त्यामुळेच वर्ज्य.

क्लोरीनच्या ब्लीचचं नावही काढू नका. त्यात लोकर विरघळते. शिवाय अमोनियात किंवा आम्लात ब्लीच मिसळलं की विषारी वायू सुटतो.

धुणं आणि खंगाळणं

धुण्याचा भाग छोटा आहे. लोकरीसाठीचं पीएच 6-7 चं द्रव डिटर्जंट, 20 लीटरला 40-50 मिली, मऊ ब्रश, हात लोकरीच्या कलाने. उलटसुलट घासायचं नाही. झालरीला वेगळं हाताने. फेस जास्त केला तर तो काढायला तेवढंच जास्त पाणी जातं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

गालिचा उताराच्या फरशीवर घ्या. एका टोकाखाली विटा ठेवून तीन-चार इंच उंची दिली तरी चालते. आधी पाठीवर नळी धरा, पाणी लोकरीतून खाली निघू द्या. मग उलटून लोकरीवर नळी आणि वरून खाली वायपर. खाली निथळणारं पाणी स्वच्छ दिसलं म्हणून थांबू नका, क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. नळीतलं पाणी 700 दाखवत असेल आणि गालिच्यातून निथळणारं 1500, तर अजून क्षार निघतायत. दोन्हींतला फरक 50 च्या आत आला की खंगाळणं झालं. डागाच्या जागेचं पाणी वेगळं मोजा. तिथे वायपर दाबून आलेलं पाणी वाटीत धरायचं. उरलेल्या गालिच्याचा आकडा जुळतो आणि डागाचा दोनशेने वरच राहतो, असं पुष्कळदा होतं. मग नळी तिथेच धरून ठेवा.

सहा बाय नऊला सगळं मिळून दीड हजार लीटर पाणी धरा. नळाला चार दिवसांआड पाणी येतं अशा गावात हे जड जातं. शेवटचं स्वच्छ पाणी साठवून पुढच्या गालिच्याच्या पहिल्या भिजवणीला वापरा. पाणी निम्मं करून दर तोच लावण्यापेक्षा टँकरचा खर्च दरात धरा. आणि आरओचं वाया जाणारं पाणी शेवटी वापरायचा मोह टाळा. त्यात क्षार आधीच जास्त असतात.

तापीकाठच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. त्यात खंगाळलेली लोकर खरखरीत राहते आणि क्षारधर्मीही. म्हणून शेवटचं पाणी आम्लाचं. 100 लीटर जड पाण्याला 100 ग्रॅम सायट्रिक आम्ल किंवा दोन लीटर पांढरं व्हिनेगर इथून सुरुवात करा, पीएच पट्टी 5 च्या आसपास आली की बास. पाणी हलकं असेल तर निम्म्यातच काम होतं, म्हणून एकदम ओतू नका. तीव्र ॲसेटिक आम्ल वापरत असाल तर 100 मिली पुरे. हातमोजे, चष्मा, आणि पाण्यात आम्ल टाकायचं, आम्लावर पाणी नाही. दहा मिनिटं ठेवून निथळू द्या. ओल्या लोकरीला पट्टी लावून 5 ते 6 दिसलं पाहिजे.

वाळवणं

पाया शाबूत असेल तर गालिचा गुंडाळून, लोकर बाहेर ठेवून हायड्रोत दोन-तीन मिनिटं फिरवा, वजन चारी बाजूंना सारखं हवं. हायड्रो नसेल तर वायपर आणि ओलं ओढणारा व्हॅक्यूम, आडवे-उभे बरेच हात. कोरडा 20 किलोचा गालिचा ओला झाला की दुपटीच्या वर जातो. एका कडेने दोरीवर टांगला तर कायमचा वाकडा होतो. बाजेवर किंवा जाळीवर आडवा टाका, आधी लोकर खाली. ओलावा जिथून उडतो तिकडे आतली घाण चढते. पाठीकडून वाळू दिला तर ती लोकरीच्या टोकांवर तपकिरी होऊन बसत नाही.

उन्हात घालू नका. सावलीत, वाऱ्याला उन्हाळ्यात एका दिवसात वाळतो. कूलर लावायचा तर पंप बंद ठेवून नुसता पंखा. पावसाळ्यात बंद खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर आणि दोन पंखे लागतात. एवढी सोय नसेल तर श्रावणाच्या झडीत असं काम घेऊच नका. दिवसापेक्षा जास्त ओला राहिला की कुबट वास धरतो, आणि मग तो कुबट की लघवीचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

पूर्ण वाळल्यावर टाके घातलेल्या जागी पाठीवर साध्या पाण्याचा फवारा मारा, प्लास्टिक झाका, अर्ध्या तासाने उचलून वास घ्या. ही पावसाळ्याची रंगीत तालीम. नाक दिवसभर दुकानात असलेल्या माणसाचं नको, त्याला काही जाणवत नाही. बाहेरून आलेल्याला हुंगायला सांगा. ओल्या मेंढीसारखा वास लोकरीचा स्वतःचा आहे, तो चालतो. लघवीचा आला तर पुन्हा भिजवणीपासून सुरुवात. टाके काढा, गालिचा पोचवताना घरची फरशीही बघा. शहाबादी फरशीच्या सांध्यात लघवी मुरलेली असेल तर ती धुतल्याशिवाय वर गालिचा टाकू देऊ नका.

टफ्टेड गालिच्यात लोकर आणि अस्तर यांच्यामध्ये लॅटेक्सचा थर असतो. लघवी त्यात शिरली की पाणी तिथवर पोचत नाही, आणि बुडवलं तर थर सुटून पांढरी भुकटी पडते. वरवरच्या ताज्या डागाला थोडं पाणी आणि व्हॅक्यूम, बस. जुन्याला अस्तर काढून, धुऊन, नवं लॅटेक्स-अस्तर लावणं हा एकच मार्ग, आणि तो खर्च बहुधा नव्या गालिच्याच्या जवळ जातो. ग्राहकाला आधी आकडा सांगा.

घोंगड्याही येतात, धुळे-साक्रीकडून तर नेहमीच. त्यांना हीच रीत चालते, फक्त त्या चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या असतात. एवढ्या पाण्यात खळ निघून जाते आणि घोंगडी लुळी पडते. परत देण्याआधी चिंचोक्याची पातळ खळ उकळून, गाळून, ब्रशने पुन्हा द्यावी लागते. त्या दिवसाचे पैसे वेगळे सांगा.