मिसिंग शोधायला बोनेट उघडण्याआधी

पावसात गगनबावड्याकडं जाऊन आलेली गाडी दुसऱ्या दिवशी सिग्नलला थरथरते, चढाला झटके मारते, तेव्हा गॅरेजवाले एकाच शब्दात सांगतात, मिसिंग. चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. अशा वेळी प्लग, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल, फिल्टर सगळंच नवीन टाकायची घाई करू नका. चुकणारा सिलिंडर कोणता, एवढं आधी शोधायचं. पुढची तयारी प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या पेट्रोल गाडीची आहे.

पहिल्यांदा चेक इंजिनचा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर गाडी जिथं आहे तिथंच थांबवा, अगदी जवळच्या कामालाही काढू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि तिथला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कामातून जातो. तो बदलायचा खर्च चार प्लगांच्या कितीतरी पट आहे.

काम सकाळीच धरा, इंजिन रात्रभर निवलेलं असताना. हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. तापलेल्या हेडमधून प्लग ओढला तर आटे जातात, आणि मग हेड उतरवून कोल्हापुरातल्या उद्यमनगरचं वर्कशॉप गाठायची पाळी येते. जागा छपराखालची हवी, कारण उघड्या प्लगच्या खड्ड्यात पावसाचं पाणी गेलं तर नवंच दुखणं सुरू होतं.

रात्रीच हाताशी काढून ठेवा: ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा) आणि चार्ज केलेला फोन, कॉइलच्या बोल्टसाठी गोटी म्हणजे सॉकेट (बहुतेक गाड्यांत १० मिमी), प्लगची गोटी, लांब एक्स्टेन्शन, टॉर्च, सुती फडकं, सायकलचा पंप. प्लगची गोटी १६ ची की १४ ची ते आधी पडताळा, आणि आत रबर किंवा चुंबक असलेलीच घ्या, नाहीतर सुटलेला प्लग वर येत नाही. पंप विसरू नका. प्लग सोडण्याआधी खड्ड्यातली धूळ उडवली नाही तर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

स्कॅनरवर पी०३०३ हा कोड आला तर तिसरा सिलिंडर. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही. तेव्हा हवा ओढणारा फाटका पाइप किंवा पेट्रोलचा दाब यांच्याकडं आधी वळा. आयडलला थरथर आणि रेस दिली की सुरळीत, असं असेल तर पाइपचाच संशय जास्त.

एकच सिलिंडर सापडला की एक पैसाही न घालता खरी परीक्षा होते. इग्निशन बंद करून तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवा, कोड पुसा, रंकाळ्याला एक फेरी मारून पुन्हा वाचा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर तसेच प्लग अदलाबदल करा. काढलेल्या प्लगचा रंग बघा: फिकट तपकिरी ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे आत तेल येतंय. खड्ड्यातच तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइल टाकू नका, तीही खराब होईल. उंदरांनी कुरतडलेली वायर दिसते का तेही बघून घ्या. पावसाळ्यात त्यांना बोनेटखालची ऊब आवडते.

प्लग परत बसवताना आधी हातानंच फिरवा, आणि शेवटचा ताण मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच द्या. प्लग आणि कॉइल दोन्ही फिरवूनही कोड तिसऱ्यावरच अडला, तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, एवढंच उरतं. तिथं थांबा, काय काय तपासलं ते कागदावर लिहून मेकॅनिकच्या हातात द्या.