बाजाराला निघताना रोख किती, मोबाइलवर किती?

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागला की सौदे भराभर होतात. रेंज येईस्तोवर थांबायला तिथे कुणाला वेळ नसतो. मासळीला रोखच न्या. दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा जास्त ठेवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, ओल्या हातात नोट पटकन फाटते.

किराणा, औषधांना यूपीआय बरं. घरूनच यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोट्या खर्चाचं पाकीट, भरून घ्या: ५,००० रुपयांपर्यंत मावतात, एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय जातात. नेट नसेल तर बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावून पैसे पाठवा. पावसात टॉवरच बंद पडला तर मात्र हेही चालत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर घरात चार दिवसांच्या खर्चाची रोकड हवीच.

खात्यातून पैसे गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत? घाईने पुन्हा पाठवू नका. आधी ॲपमधला १२ अंकी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून घ्या. रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘पैसे घ्यायला पिन टाका’ असं सांगून कुणी फसवलं तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.