जुन्या गाडीचा ईसीएम बदलायचाय? आधी तो कशानं जळला ते शोधा

आमची गाडी २००४ची, पेट्रोल, एमएच १३ पासिंग. अप्पांनी नवी घेतलेली, त्यामुळं विकायचं नुसतं नाव काढलं तरी घरात दोन दिवस कुणी बोलत नाही. तर ही गाडी स्लोवर टिकेना. ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की बंद, परत सेल्फ मारायचा, रेस दाबून ठेवली तरच चालू राहायची, आणि सोलापुरात सात रस्त्याला ऐन गर्दीत असं झालं की मागचे हॉर्न ऐकून जीव नकोसा व्हायचा. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "अप्पा, कम्प्युटर गेलाय तुमचा." कम्प्युटर म्हणजे ईसीएम, इंजिनचा सगळा कारभार बघणारा इलेक्ट्रॉनिक डबा. भंगारातनं दुसरा डबा आणला, बसवला, गाडी एकदम मस्त. चार दिवस. पाचव्या दिवशी परत तेच.

मग ओळखीचे एक इलेक्ट्रिशियन चाचा आले. त्यांनी ईसीएमला हातसुद्धा लावला नाही. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या भागावर, आयएसी व्हॉल्व्ह असतो, म्हणजे स्लो सांभाळणारी छोटी मोटर, तिचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला आणि आतल्या दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. दोन्ही सारख्या यायला पाहिजेत, एक दुसरीच्या निम्मीच दाखवत होती. आतून शॉर्ट झालेली. ती कॉइल जास्त करंट ओढायची आणि ईसीएममधली जी आयसी, म्हणजे चिप, तिला चालवते ती जळायची, पहिल्या डब्यातली पण जळाली, दुसऱ्यातली पण. चाचा म्हणाले, "डब्बा आपणहून मरत नाय बेटा, त्याला मारणारा बाहेर बसलाय, आधी त्याला धर." आमचे एका डब्याचे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहायलोय.

पहिली गोष्ट, 'कम्प्युटर गेला' असं कुणी म्हणालं की लगेच मान डोलवू नका. २०००च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडायची पद्धत, आली तेव्हापासून हा डबा आहे, आणि ज्याचं निदान होत नाही ते सगळं त्याच्यावर ढकलायची सवय पण तेव्हापासूनचीच. खरं म्हणजे वायर, अर्थ, रिले आणि सेन्सर याच गोष्टी जास्त वेळा जातात.

तपासायचं असं. स्वीच ऑन करा, इंजिन चालू करू नका. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे, आणि मागच्या सीटखाली किंवा टाकीकडनं पंपाचा दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा आवाज आला पाहिजे. दोन्ही झालं तर डबा निदान जागा आहे. दिवाच लागत नसेल तर बल्ब, फ्यूज, मेन रिले, अर्थ हे सगळं बघून झाल्यावरच डब्याचा नंबर लावा.

डब्याला करंट नीट मिळतोय का हे बघताना लोक एक चूक हमखास करतात. नुसता मल्टीमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की म्हणतात सप्लाय ओके. अहो, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवतो, लोड आला की मग ती तार दम तोडते. म्हणून ईसीएमचा कपलर काढायचा आणि कपलरच्या सप्लाय पिन आणि अर्थ पिन यांच्यात ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावायचा. बल्ब भक्क पेटला तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही चांगले, मिणमिणला तर दोष तिथंच आहे, डबा बिचारा निर्दोष. हा बल्ब फक्त सप्लायच्या आणि अर्थच्या पिनांना लावायचा, सेन्सरच्या किंवा दुसऱ्या कुठल्या पिनला चुकूनही नाही, पिनांचा नकाशा हातात नसेल तर हा उद्योग करूच नका. कपलर परत लावून गाडी सेल्फवर फिरवताना डब्याची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा, ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट यावं. त्याच्या वर गेलं तर इंजिनवरचा आणि बॉडीवरचा अर्थ बोल्ट काढा, सँडपेपर मारा, घट्ट लावा. निम्म्या 'गेलेल्या' कम्प्युटरचं औषध हेच असतं असं चाचांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

दुसरी गंमत ५ व्होल्टची. थ्रॉटल सेन्सर, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) यांना ईसीएम ५ व्होल्ट देतो. स्वीच ऑन करून मॅप सेन्सरच्या कपलरवर मोजलं आणि ५ व्होल्ट आलेच नाहीत, तर लगेच डबा गेला म्हणू नका. एक-एक सेन्सरचा कपलर काढत जा आणि मीटरकडे बघत राहा. एखादा कपलर काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले की तोच सेन्सर शॉर्ट आहे, तो सगळी लाइन खाली ओढत होता. सगळे काढूनही, वायरिंग तपासूनही आले नाहीत तर मग डब्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

स्कॅनरचं पण बघा. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथवाला स्कॅनर जुन्या गाडीला बऱ्याचदा कनेक्टच होत नाही, कारण आपल्याकडं ओबीडी-२, म्हणजे गाडीतले दोष वाचायची सगळ्यांना एकच ठरलेली पद्धत, सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून, त्याच्या आधीच्या गाड्या आपापल्या कंपनीच्या भाषेत बोलतात. स्कॅनर लागला नाही म्हणजे ईसीएम मेला असा अर्थ नाही. बऱ्याच जुन्या मारुतींत डायग्नोसिसची पिन अर्थ केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, १२ नंबर आला म्हणजे सिस्टीमला काही चूक सापडलेली नाही. पिन कुठली ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा.

आता आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्याचं. पारा ४२-४३ला, गाडी दुपारभर उन्हात, डॅशबोर्डखाली तर भट्टीच. गाडी गरम झाली की बंद आणि तासाभरानं गार झाली की चालू, असं होत असेल तर डब्यातल्या सोल्डरला भेग गेलेली असू शकते. पण क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल, पंप आणि मेन रिले हे चौघंही अगदी असंच वागतात. म्हणून सकाळी गार वेळेला गाडी स्लोवर चालू ठेवा आणि ईसीएमच्या डब्यावर हेअर ड्रायरची गरम हवा लांबनं मारा. बंद पडली तर डबा. नाही पडली तर त्याच पद्धतीनं रिले, मग कॉइल.

इतकं करून डबाच दोषी निघाला तर कशानं ते शोधा. सगळ्या इंजेक्टरचे कपलर काढून रेझिस्टन्स मोजा, बहुतेक पेट्रोल गाड्यांत १२ ते १६ ओहमच्या आसपास येतात, पण आकड्यापेक्षा सगळे एकमेकांसारखे पाहिजेत हे महत्त्वाचं. आयएसीच्या कॉइल मोजा, इग्निशन कॉइल बघा, रिलेच्या कॉइल बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत, १५च्या वर जात असतील तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय आणि नवा डबा पण तो खाणार. जुने मेकॅनिक चालू गाडीची बॅटरीची टर्मिनल काढून 'अल्टरनेटर चार्ज करतोय का बघतो' म्हणतात ना, ते कार्ब्युरेटरच्या काळात चालून जायचं, आता तसं करणाऱ्याचा हात धरा. जंप स्टार्ट करताना उलटं लावलेलं, डबा न काढता केलेलं वेल्डिंग, दाबाच्या पाण्यानं डॅशबोर्डपर्यंत पोचलेली सर्व्हिसिंग, हे पण नेहमीचे मारेकरी.

बदलायच्या आधी डबा उघडून एकदा बघाच. कपॅसिटर फुगलेत का, पाण्याचा डाग आहे का, पट्ट्या हिरव्या पडल्यात का. कपॅसिटर गळला असेल तर कुजलेल्या माशासारखा वास येतो, एकदा आला की विसरत नाही. कपॅसिटर किंवा एखादी ड्रायव्हर आयसी असली तर बोर्ड रिपेअर करणारा चांगला माणूस ती बदलून देतो, आणि माझ्या मते पहिला पर्याय हाच, कारण डबा तुमचाच राहतो आणि इमोबिलायझरची कटकट येत नाही.

इमोबिलायझर म्हणजे चावीत चिप असते ती, मारुतीवाले त्याला आयकॅट्स म्हणतात. ती असली तर नुसता दुसरा डबा लावून गाडी चालू होणार नाही, सेल्फ फिरेल पण इंजिन पकडणार नाही किंवा पकडून लगेच बंद होईल. मग तीन रस्ते. कंपनीकडून नवा डबा घेऊन चावीशी जुळवून घ्यायचा. नाहीतर जुन्या डब्याच्या मेमरी चिपमधला डेटा नव्यात कॉपी करून घ्यायचा. नाहीतर एकाच गाडीचा डबा, इमोबिलायझर युनिट आणि चावी असा पूर्ण सेट घ्यायचा.

भंगारातला घेताना डब्यावरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, शेवटची दोन अक्षरं पण. मारुतीत तो बऱ्याचदा ३३९२०ने सुरू होतो. बाहेरनं डबा तोच दिसतो, कपलर पण बसतो, पण एसीवाली वेगळी, गॅसवाली वेगळी, इंजिन वेगळं, आणि 'चालतंय हो, तेवढंच आहे' म्हणणारा विकून मोकळा होतो. पुणे, हैदराबादहून मागवणार असाल तर आधी स्टिकरचा फोटो मागा. बिल घ्या, चोरीच्या गाडीचा डबा गळ्यात नको. आणि नाही चालला तर परत घेणार का, हे पैसे द्यायच्या आधी ठरवा.

प्रत्यक्ष बदलायला अर्धा तास पण लागत नाही. स्वीच ऑफ करून चावी काढा, दहाच्या पान्यानं बॅटरीचा मायनस काढा, पाचेक मिनिटं थांबा, तोवर चहा घ्या. डबा बहुतेक छोट्या गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागं किंवा डॅशबोर्डखाली असतो. हात लावायच्या आधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात टेकवा म्हणजे स्टॅटिक जाईल. कपलरचं लॉक दाबून कपलर धरूनच ओढा, वायरींना धरून ओढलं की एक पिन मागं सरकते आणि मग आठवडाभर शोधत बसायचं. पिना बघा, हिरव्या किंवा वाकड्या नकोत. डबा आपल्या ब्रॅकेटवर बोल्ट लावून नीट बसवा, लोंबकळत ठेवू नका. मायनस सगळ्यात शेवटी.

चालू करायच्या आधी स्वीच ऑन करून दहा सेकंद थांबा, दिवा आणि पंपाचा आवाज बघा, मग सेल्फ. पहिल्यांदा स्लो वर-खाली होईल, घाबरू नका, नवीन डबा शिकतोय. इंजिन गरम होऊन फॅन लागेपर्यंत एसी बंद ठेवून स्लोवर ठेवा, मग पाच मिनिटं एसी लावून, आणि मग तीस-चाळीस किलोमीटर एक चक्कर मारा.

आम्ही तुळजापूर केलं, ४५ किलोमीटर, शेवटी घाट पण आहे म्हणजे लोडवर पण टेस्ट होते. गाडीत आयएसी व्हॉल्व्ह नवीन आणि डबा आमचाच मूळचा, चाचांनी आयसी बदलून दिलेला. भंगारातला पण त्यांनीच नीट केला, तो आता कपाटात पडून आहे. घाट चढून वर गाडी थांबवली, स्लोवर अगदी शांत, सुई हलायला तयार नाही. अप्पा म्हणाले, "मी सांगत होतो की, गाडीला काय झालंच नव्हतं."